कोंबड्यांच्या जाळीतलं काटवल

काटवलाला कोंब फुटल्याची बातमी आमच्या घरी दरवर्षी सगळ्यात आधी कोंबड्यांना कळते. वर काहीच दिसत नसतं. पण जाळीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात दोन-तीन कोंबड्या जमतात, मान तिरकी करून एका डोळ्याने जमिनीकडे बघतात आणि उकरायला लागतात. तोवर ओसरीतून आईचा आवाज आलेला असतो, "हाड हाड! डालगं आन व बाई, पयले डालगं आन!" डालगं म्हणजे कोंबड्या झाकून ठेवायची बांबूची मोठी टोपली. आमच्याकडे ते कोंबड्यांवर पडत नाही, कोंबावर पडतं. वर दगड ठेवायचा आणि कोंबड्यांना मोकळं सोडायचं.

या आठवड्यात पुन्हा ते सुरू झालं आहे. गावात धानाचे पऱ्हे, म्हणजे लावणीची रोपं, टाकून झालेत, शेतांच्या बांध्यांमध्ये पाणी साचायला लागलंय, आणि शाळेत निम्मी मुलं घरच्या कामात. मी शाळेतून आले की हातपाय धुण्याआधी जाळीत एक चक्कर मारते. कुठलं डालगं कलंडलं, कुठला दगड हलला, ते बघते. चार वर्षं झाली या कामाला. तरी पहिला कोंब दिसला की सुरुवातीचा तो पावसाळा आठवतो.

काटवल म्हणजे बाकीचा महाराष्ट्र ज्याला करटोली म्हणतो ते. हिरवं, अंगावर मऊ काटे असलेलं, लिंबाएवढं. कुरखेड्याच्या बाजारात श्रावणात बाया त्याचे वाटे लावून बसतात आणि दुपारच्या आत ते संपतात. कोणी ते शेतात पेरत नाही. जमिनीत त्याचा कंद असतो, पावसाळ्यात वर येतो, वेल होतो, हिवाळ्यात वाळून जातो. कंद मात्र आपल्या जागी झोपलेला असतो. कुठल्या पळसाच्या बुडाशी, कुठल्या वारुळाच्या मागे कुठला वेल येतो, हे माझ्या आईला आमच्या गल्लीतल्या घरांसारखं पाठ.

जाळी मुळात झाडांसाठी नव्हतीच. माझी बदली गावाजवळच्या शाळेत झाली आणि मी आईपाशी राहायला आले, त्या वर्षी मुंगसाने एका आठवड्यात नऊ पिल्लं नेली. उरलेली रानमांजराने. मी चिडून लोखंडी जाळी आणली, बांबूचे खांब रोवून घेतले, वरून ससाण्यासाठी मासे पकडायचं जुनं जाळं ताणलं. पंधरा पावलं लांब, आठ पावलं रुंद. शेजारच्या बाया बघून गेल्या आणि म्हणाल्या, मास्तरीनबाईनं कोंबड्यांना बंगला बांधला. आईला वाटायचं, ज्याला पाय आहेत त्याला कोंडू नये.

त्याच उन्हाळ्यात पार्वताबाई गेली.

पार्वताबाई आईची जंगलातली सोबतीण. नातं काही नाही, घर चार घरं सोडून. पण मोहफुलं, तेंदूपान, सात्या म्हणजे वारुळावरच्या अळंब्या, काटवल, असं वर्षभर काही ना काही आणायला दोघी बरोबर जायच्या, तीस वर्षं. जंगलात बाया एकमेकींच्या नजरेत राहत नाहीत, आवाजात राहतात. वेचता वेचता मध्येच हाक मारायची, दुसरीने "ओ" द्यायची, की पुन्हा मान खाली. यात बोलणं काही नसतं. नुसतं, आहेस ना? आहे.

त्या दिवशी सकाळी मोह वेचताना आईने हाक मारली आणि ओ आली नाही. पुन्हा मारली. तिसऱ्यांदा मारली. आईला वाटलं, ही आपली टोपली भरली म्हणून पुढे निघून गेली. आदल्याच दिवशी दोघींची काहीतरी कुरबूर झालेली. म्हणून आई रागारागात एकटीच घरी आली, चूल पेटवली, आणि तासाभराने पार्वताबाईचा नवरा, मोतीरामभाऊ, विचारायला आला, "बाई, आमची कुठी राह्यली?"

बाकीचं सांगण्यासारखं नाही. वाघ होता. आमच्या भागात हे वाक्य लोक जसं बोलतात तसंच मीही लिहिते आहे, कारण त्याला आणखी काही जोडता येत नाही.

त्यानंतर आईत एक बदल झाला. कोणीही हाक मारली की ती ताबडतोब ओ द्यायची. तोंडात घास असला तरी, अंगावर पाणी घेत असली तरी. आणि आपण ओ दिली नाही तर संतापायची. मी वह्या तपासताना एकदा तिची हाक ऐकूनही गप्प राहिले, तर ती दारात येऊन उभी राहिली. चेहरा पांढरा पडलेला. म्हणाली, "तोंडाले का झालं तुह्या?" मोतीरामभाऊच्या घराकडे मात्र ती जाईना. दुकानात जायचं तरी मागच्या वाटेने जायची.

मृग लागला तशी ती अस्वस्थ झाली. गावात वनखात्याची माणसं सांगून गेली होती, जंगलात जाऊ नका. मीही रोज तेच सांगत होते. तिने ऐकून घेतलं आणि एक दिवस विळा घासायला काढला. मी म्हटलं, "तुला काटवलच हवं ना? मी बाजारातून आणते."

"इकत आनलेलं काटवल मी नाई खात."

"मग घरी लावू. जाळीत लावू. बाहेर लावलं तर शेळ्या ठेवणार नाहीत, वानरं ठेवणार नाहीत. जाळीच्या आत कोण येतंय?"

"कोंबड्या कोन आहेत मंग?"

तरी शेवटी ठरलं. दारात काटवल लागलं तर ती जाणार नाही, आणि नाही लागलं तर मी अडवायचं नाही. मी जरा फुशारकीने म्हटलं, काटवलच काय, सगळं जंगल आणू जाळीत. ती म्हणाली, "सात्या आनून दाखव." अळंब्या कोणाच्या सांगण्याने उगवत नाहीत, हे मलाही माहीत होतं. मी विषय बदलला.

कंद आणायला आम्ही दहा जण गेलो. भर दुपारी, काठ्या घेऊन, डबे वाजवत. आई पुढे. कोंब नुकते वर आले होते. ती एकेका जागी जाऊन थांबायची, "हा आन. याले मागच्या साली टोपलीभर होते," असं म्हणून खणायची. मध्ये दोन-तीन कोंब मी दाखवले, तर तिने बघितलंही नाही. "तो रिकामा आहे. नुसता फुलते." तासाभरात सात कंद झाले. सातही तिच्या ओळखीचे, दरवर्षी फळ देणारे. मला तिचा अभिमान वाटला. इतक्या नेमकेपणाने मी शाळेतल्या मुलांनाही ओळखत नाही.

कोंबड्यांच्या राज्यात झाड लावणं हे काय काम आहे, ते त्या महिन्यात कळलं. कोंबडी पानं खाते, हे सगळ्यांना माहीत असतं. पण खरा धोका तिच्या तोंडाचा नाही, पायांचा. मऊ, ओली, नुकती खणलेली माती दिसली की तिला राहवत नाही. पहिल्याच दिवशी दोन कंद उघडे पडले. मग आईने शोधून काढलं, की कोंबावर डालगं झाकायचं आणि भोवती चपटे दगड अंथरायचे, म्हणजे पायाला माती लागत नाही. वेल वाढला, तर डालग्याचं बूड कापून त्याला वरून वाट करून द्यायची. नव्याकोऱ्या डालग्यांची बुडं कापताना बघून ती विणणारा म्हातारा हळहळला. शेजारणींना तर हसायला कारणच मिळालं. "आमच्या इथी कोंबड्या झाकतेत, मास्तरीनच्या इथी झाडं."

मी सोबतीला पालकही लावला होता. तो एका दुपारी साफ झाला. मिरचीच्या रोपांना कोंबड्यांनी चोच लावली नाही, पण ताज्या विष्ठेच्या उष्णतेनेच ती पिवळी पडली. धोप्याची, म्हणजे अळूची, पानं मात्र त्यांनी एकदा चाखून सोडून दिली, घशाला खाज सुटली असणार. अंबाडी गुडघाभर होईपर्यंत झाकावी लागली, मग तिच्याच सावलीत कोंबड्या बसायला लागल्या. उघड्या मानेची एक काळी कोंबडी होती. तिला आम्ही सरपंचीण म्हणायचो, कारण प्रत्येक कामात तिची चोच. डालग्याला एका बाजूने धडका देऊन दगड पाडायचं तिने शिकून घेतलं. आईने दोन दगड ठेवले. तिने तेही पाडले. तिसऱ्या दगडानंतर तिने नाद सोडला आणि एका रिकाम्या डालग्यात अंडी घालायला सुरुवात केली. आई म्हणाली, "हिचं बराबर आहे. जिथी जाऊ नोको म्हनान, तिथीच हिले जा लागते." हे ती कोंबडीबद्दल म्हणाली, की स्वतःबद्दल, ते मी विचारलं नाही.

आषाढ संपता संपता वेल वरच्या जाळ्यापर्यंत पोचले. आणि फुलले. काटवलाचं फूल संध्याकाळी उमलतं. कोंबड्या एकेक करून दांडीवर चढायच्या, त्यांची कुजबुज कमी व्हायची, आणि त्याच वेळी फिकट पिवळी फुलं उघडायची. मंद वास यायचा. तेवढ्यापुरता विष्ठेचा वास विसरला जायचा. आई आणि मी जाळीच्या दाराशी बसून चहा प्यायचो. मला वाटायचं, जिंकले मी.

पण फुलं गळत गेली. प्रत्येक फुलामागे काट्यांची एक इवलीशी गाठ असायची, मुगाच्या दाण्याएवढी. दोन दिवसांत ती पिवळी व्हायची आणि टपकन खाली पडायची. कोंबड्या ती टिपायच्या. आईने राख टाकली. ताक शिंपडलं. दगड हलवून बघितले. पंधरा दिवसांत एकही काटवल धरलं नाही.

"कोंडल्यानं असंच होते," आई म्हणाली. "तिथी माह्या हातानं टोपल्या भरल्या या वेलांच्या. इथी त्याइले करमत नाई." आणि मग शांतपणे, "आपलं ठरलं होतं. मी सोमवारी जातो."

त्याच आठवड्यात, आम्ही कंद आणले त्या वाटेवर वाघाने एक गाय मारली होती. मी रडले, ओरडले, बोलू नये ते बोलले. म्हटलं, तुला पार्वताबाईसारखं मरायचं आहे का? ती म्हणाली, "मले तिनं आवाज देल्ला असन, अन् मी आयकला नसन, तर?" तिला काटवल नको होतं. तिला त्या मोहाच्या झाडाखाली जाऊन परत एकदा हाक मारायची होती.

शनिवारी मी वर्गात फुलाचा धडा शिकवत होते. वर्षानुवर्षं शिकवते. फळ्यावर भोपळ्याचं फूल काढलं, हे नर, हे मादी, दोन्ही एकाच वेलावर. मागच्या बाकावरची मुलगी म्हणाली, "मॅडम, काटवलाचे येगयेगळे राह्यते." खडू माझ्या हातातच राहिला. आईने सात कंद आणले होते, सातही फळ देणारे. म्हणजे सातही मादी. रिकामे म्हणून जे तिने सोडून दिले, ते नर. जंगलात ते आसपास असायचेच, त्यामुळे तिला कधी त्यांची आठवण ठेवावी लागली नव्हती. तीस वर्षांच्या अनुभवानेच तिला फसवलं होतं. आणि मला, डीएड झालेल्या बाईला, फुलामागची गाठ रोज बघूनही सुचलं नव्हतं.

घरी येऊन सांगितलं. आई ऐकत होती, आणि मध्येच तिची नजर कुठेतरी लागली.

"पार्वताच्या कुडाले आहे एक," ती म्हणाली.

पार्वताबाईने पिकून फुटलेल्या काटवलाच्या बिया कधीतरी कुंपणाशी टाकल्या होत्या. एक वेल आला. दरवर्षी नुसता फुलायचा. आईने कितीदा तिला सांगितलं, उपटून फेक, जागा अडवून राह्यला. पार्वताबाई म्हणायची, राहू दे ना, फुलते त.

मी म्हटलं, मी जाऊन फुलं आणते. आईने डोक्यावर पदर घेतला. "मीच जातो."

मी दारातून बघत होते. ती मागच्या वाटेने नाही, समोरून गेली. मोतीरामभाऊ अंगणात खाटेवर बसला होता. ती कुडापाशी उभी राहिली. मग काहीतरी बोलली. तो उठला आणि त्याने स्वतः उमलायला आलेल्या कळ्या तोडून तिच्या ओंजळीत दिल्या. ती परत आली तेव्हा डोळे लाल होते. "मी त्याले सांगतलं," ती म्हणाली, "का मी तिले टाकून आली."

"मग? काय म्हणाला?"

"म्हने, बाई, तिसऱ्यांदा कोन आवाज देते? मी त एकदाच देल्ला असता."

सोमवारी ती जंगलात गेली नाही. मग रोज संध्याकाळी ती पळसाच्या पानाच्या द्रोणात फुलं घेऊन यायची. दांडीवर कोंबड्या चढल्या की आम्ही आत शिरायचो. नर फुलाच्या पाकळ्या मागे दुमडायच्या आणि मधला भाग मादी फुलाला हलकेच लावायचा. आईचे हात माझ्यापेक्षा चांगले चालायचे. सरपंचीण दांडीवरून आमच्याकडे संशयाने बघत बसायची. चौथ्या दिवशी पहिली गाठ गळली नाही. हिरवीच राहिली, आणि फुगली. आईने मला तिला हात लावू दिला नाही.

पहिली अकरा काटवलं तोडली त्या दिवशी तिने ती घरी शिजवली नाहीत. सगळी पदरात घेऊन मोतीरामभाऊकडे गेली. मी थोडी हिरमुसले, खरं सांगायचं तर. दुसऱ्या तोडणीची भाजी आम्ही खाल्ली. नुसत्या तेलामिठाची, कांदा न घालता, आईच्या पद्धतीची. जंगलातल्याइतकी चांगली लागली का? आई म्हणाली, बरी आहे.

हिवाळ्यात वाघ पिंजऱ्यात सापडला आणि त्याला घेऊन गेले. गाव बघायला लोटलं, आई गेली नाही. पुढच्या उन्हाळ्यात मोतीरामभाऊने कुडाखालचा कंद स्वतः खणून आणून दिला. तो जाळीच्या उत्तरेकडच्या कोपऱ्यात लावला. कोंबड्या दरवर्षी सगळ्यात आधी उकरतात तो हाच.

बाया पुन्हा जंगलात जायला लागल्या. मी आईला म्हटलं, आता तू गेलीस तरी चालेल, मी काही म्हणणार नाही. मोठ्या मनाने परवानगी देत होते मी. ती भाकरी थापत होती. थापता थापता म्हणाली, "आता कोनासंग जाऊ?"

मी तीन वर्षं या प्रश्नाला बगल देत आले. शाळा आहे, मला वेल ओळखता येत नाहीत, मला भीती वाटते. तिन्ही कारणं खरी. जाळीत दरवर्षी काटवल भरपूर लागतं, आम्ही वाटतो, उरलेलं सुकवतो. येणारे-जाणारे कौतुक करतात. आई त्यांना दगड कसे अंथरायचे ते दाखवते. आणि पाऊस जरा थांबला की जाळीच्या दाराशी उभी राहून जंगलाकडे बघते. डालग्याखालचं झाड बूड कापून बाहेर काढायचं असतं, हे मला तिनेच शिकवलं. तिच्या बाबतीत ते मला सुचलं नाही, याची मला लाज वाटते.

परवा रविवार होता. कोंब शोधायला आम्ही दोघी जाळीत शिरलो. ती उत्तरेच्या कोपऱ्याकडे, मी दाराच्या बाजूला. दोघी ओणव्या, एकमेकींकडे पाठ. अंबाडीच्या रोपांखाली मला एक कोंब दिसला. बारीक, तांबूस, वर येताना वाकलेला. मी डालगं ओढून घेतलं, दगड शोधायला लागले. तेवढ्यात मागून हाक आली.

"बाई!"

पंधरा पावलांची जाळी. नुसतं वळलं तरी आम्ही एकमेकींना दिसलो असतो. काही हवं होतं असंही नाही. मी मान वर न करता म्हटलं, "ओ."

थोड्या वेळाने पुन्हा, "बाई!"

"ओ."

तिसऱ्यांदा हाक आली, आणि मी ओ दिली, तेव्हा मागे सगळं शांत झालं. मी वळून बघितलं. ती गुडघ्यावर हात ठेवून सरळ उभी राहिली होती. तिच्या पायाशी सरपंचिणीची नात माती उकरत होती आणि ती तिला हाकलत नव्हती.

"सात्या निघाल्या का जाऊ मंग," ती म्हणाली. "दोघी."